घरच्या खाऱ्या टाकीत कांदळ : लाईट कुठला, किती आणि नेमका कुठे?

टँकवेडा_ठाणे (धागाकर्ता) · ५ जुलै

नमस्कार मंडळी. माझ्याकडे अडीच फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खाली कपाटात संप (पाणी गाळून वर परत पाठवणारी जोडटाकी), वर दोन क्लाउनफिश, थोडे झोआ (छोटे मऊ प्रवाळ), एक हर्मिट खेकडा. संपच्या मधल्या कप्प्यात थर्माकोलच्या चकतीला भोकं पाडून कांदळाच्या (खाडीकाठच्या मँग्रोव्ह झाडाच्या) तीन शेंगा खोचून ठेवल्यात. रोपवाटिकेतून आणल्या होत्या.

सुरुवात झकास झाली. मुळं फुटली, पानांची पहिली जोडी आली, पाठोपाठ दुसरी. त्यानंतर सगळं ठप्प. नवीन पान येतं ते करंगळीच्या नखाएवढं, आणि दोन पेरांमधलं अंतर मात्र वाढतच चाललंय. जुनी पानं पिवळी पडून गळतायत.

लाईट म्हणाल तर कपाटाच्या छताला चिकटवलेली एलईडी पट्टी, किचनच्या ओट्यावर लावतात तसली. टायमरवर १२ तास. पाण्याची घनता १.०२५, तापमान २७. नायट्रेट किटवर शून्य. दुकानदार म्हणतो मॅग्नेशियम कमी पडलंय, बाटली न्या. यूट्यूबवर एक जण सांगतो, वरच्या टाकीला असतो तसाच निळा रीफ लाईट (प्रवाळांसाठीचा) खाली लावा. दोन्ही स्वस्त नाहीत. काय करू?

---

मीठभाकर · ५ जुलै

बाटली घेण्याआधी मॅग्नेशियम मोजा. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तुम्ही मिठाच्या पाकिटातलं मीठ वापरून नेमाने पाणी बदलत असाल तर तीन काटक्यांनी ते संपवणं अवघड आहे. कांदळ मॅग्नेशियम खातो हे खरं, पण किती वेगाने? तुमची झाडं तर वाढतच नाहीयेत. जे वाढत नाही ते खाणार काय?

मला लाईटचाच संशय येतो. पट्टी किती वॅटची?

---

टँकवेडा_ठाणे · ५ जुलै

मीटरला ७ वॅट असं काहीतरी. जेमतेम फूटभर पट्टी आहे. पण पहिली चार पानं त्याच लाईटखाली आली ना? मग तेव्हा कसं चाललं?

---

सुमेधा_वनस्पती · ६ जुलै

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच सगळं आलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कांदळाची ती 'शेंग' म्हणजे बी नव्हे, झाडावर असतानाच रुजलेलं रोप आहे. आईच्या फांदीला लटकूनच ते वाढतं. तो लांब हिरवा दांडा खचाखच पिष्टाने भरलेला असतो, कारण चिखलात पडल्यावर किंवा महिनोन् महिने पाण्यावर तरंगत राहिल्यावरही त्याला स्वतःच्या शिदोरीवर जगायचं असतं. म्हणून ही शेंग अंधाऱ्या कपाटातसुद्धा मुळं काढते आणि पानंही काढते. त्या पानांचं श्रेय तुमच्या पट्टीला नाही, दांड्यातल्या साठ्याला आहे. साठा आटला की झाड उजेडाकडे बघायला लागतं, आणि उजेड नसेल तर तुम्ही वर्णन केलंत तेच होतं : लांबट पेरं, बारकी पानं, जुनी पानं सोडून देणं.

दांडा दोन बोटांत धरून हलकेच दाबून बघा. टणक असेल तर अजून वेळ आहे. खालच्या टोकाला मऊ, पिचपिचीत लागला किंवा साल सुरकुतली असेल तर त्या रोपाची आशा सोडा.

पानांवरूनही थोडं कळतं. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या राहिल्या तर बहुधा लोह कमी. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियमचा विचार करा. जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी, तर नत्र. तुमचं नायट्रेट शून्य आहे, तेव्हा तीही शक्यता सोडू नका. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जोरात चालवून पाणी काचेसारखं ठेवायचं आणि त्याच पाण्यात झाड वाढवायचं, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. पण लांबट पेरं हे उजेडाचंच लक्षण. आधी तिकडे बघा.

---

वायरमन_डोंबिवली · ६ जुलै

माझा मूळ धंदा लाईट फिटिंगचा, मासे नंतरचे. मोबाईलवर लक्स मोजायचं कुठलंही फुकट ॲप टाका. फोनचा स्क्रीन लाईटकडे करून पानाच्या उंचीला धरा. पाण्याशी नाही, पानाशी. आकडा इथे टाका.

---

टँकवेडा_ठाणे · ६ जुलै

सर्वात वरच्या पानाशी १८००. खालच्या पानाशी ६००-७००.

---

वायरमन_डोंबिवली · ६ जुलै

झालं तर मग.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. झाडाचं माप पीएआर, म्हणजे दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात ते. पांढऱ्या ६५०० केल्विन एलईडीसाठी ढोबळ हिशोब असा की लक्सला ७० ने भागा. तुमचे १८०० म्हणजे साधारण २५. बारा तासांची बेरीज केली तर दिवसाला १ मोलच्या जवळपास. उघड्यावर पडणारं भर दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं, आणि आपल्याकडे स्वच्छ दिवसाची बेरीज ३०-४० मोलपर्यंत सहज जाते. खाडीतलं झाड ते खाऊन वाढलेलं आहे.

एवढं घरात द्यायची गरज नाही. पानाशी १०-१५ हजार लक्स, म्हणजे दीडशे ते दोनशे पीएआर, दिवसाला १२ तास मिळालं तरी झाड नीट चालतं. तुमची पट्टी त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर आहे.

स्वस्तातला उपाय : इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा ३० वॅटचा एलईडी फ्लड लाईट, ६५०० केल्विन, पावसापाण्यात चालणारा आयपी ६५ वाला. साधारण ३००० लुमेन देतो. फूटभर अंतरावर मधोमध दहा हजार लक्स मिळतात. तोच दोन फुटांवर नेलात तर अडीच हजार उरतील. अंतर दुप्पट केलं की उजेड चौपट घटतो, हे लोक विसरतात आणि वॅट वाढवत बसतात. वीज म्हणाल तर महिन्याला ११ युनिट.

पण कपाटात हे बसणार नाही. जागा किती आहे?

---

निळाई · ६ जुलै

मध्येच बोलतो. निळा रीफ लाईट 'झाडाला चालत नाही' असं कोणी म्हणायच्या आत सांगतो : चालतो. हरितद्रव्य निळा प्रकाश उत्तम शोषतं आणि निळ्याखाली झाड उलट आखूड, गुटगुटीत राहतं. रीफ लाईटची अडचण रंगाची नाहीच, अडचण पैशाची आणि जागेची. तो प्रकाश पाण्यात खोल जावा, प्रवाळ चमकावेत यासाठी बनवलाय. त्याचे पैसे मोजून तो पाण्याच्या वर उभ्या असलेल्या पानांवर कशाला मारायचा? तेवढ्याच पैशांत चार फ्लड लाईट येतील.

आणि निळ्या लाईटखाली मोबाईलच्या लक्सवर विश्वास ठेवू नका. डोळ्याचं माप हिरव्या-पिवळ्याला जास्त गुण देतं, निळ्याला फार कमी. आकडा खोटाच कमी येतो. वायरमन भाऊंचा ७० चा भागाकार फक्त पांढऱ्यासाठी.

---

वायरमन_डोंबिवली · ६ जुलै

+१. हे लिहायचं राहिलं होतं.

---

भाट्येकर · ७ जुलै

रत्नागिरीवरून. तुम्ही लोक शेंगा विकत काय घेता? आत्ता पावसात आमच्याकडे खाडीत गल्लोगल्ली वाहत येतात. या, पोतं भरून न्या. 😀

बाकी एक सांगतो, जे पुस्तकात नसतं. शेंगा गळतात त्या पावसाळ्यात, जेव्हा खाडीचं पाणी जवळजवळ गोडं झालेलं असतं. वरून नदीचा लोंढा चालू असतो. रोप रुजतं त्या मचूळ पाण्यात, आणि मग दिवाळीपासून शिमग्यापर्यंत खारटपणा हळूहळू चढत जातो, तोवर रोपाने चार-सहा पानं काढून झालेली असतात. तुम्ही शेंग आणली ती पहिल्या दिवसापासून १.०२५ मध्ये उभी केली असणार. तग धरते, नाही असं नाही, पण तिचा अर्धा जीव मिठाशी भांडण्यात जातो. पुढच्या वेळी बादलीत १.००५-१.००८ च्या पाण्यात सुरू करा, आणि दर आठवड्याला थोडं थोडं चढवा.

---

सुमेधा_वनस्पती · ७ जुलै

भाट्येकर, खारटपणाचं अगदी बरोबर. पोत्याचं मात्र नको.

महाराष्ट्रात सरकारी जमिनीवरची कांदळवनं वनकायद्याखाली येतात. राखीव वनातून कुठलाही वनोपज उचलायला १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ ने मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडायला बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम करून भोवतीचं ५० मीटरचं क्षेत्रही त्यात धरलं. वाहून आलेल्या एका शेंगेसाठी कोणी तुमच्या मागे येणार नाही कदाचित, पण जाहीर धाग्यावर 'या आणि न्या' लिहिलं की पोती भरणारे येतात. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, त्यांच्या रोपवाटिका आहेत. तिथे विचारावं, किंवा धागाकर्त्यांनी केलं तसं रोपवाटिकेतून पावती घेऊन आणावं.

---

भाट्येकर · ७ जुलै

पोत्याचं गमतीत होतं हो ताई. पण तुमचं पटलं. आमच्या आजाने कांदळ सरपणाला जाळला, आता त्याच कांदळाला आम्ही हात लावायचा नाही. असो. बरोबरच आहे, खाडीचा बांध फुटला तेव्हा कांदळ होता तिथेच तो टिकला.

---

टँपाकर · ७ जुलै

इथे फ्लोरिडात लाल कांदळ म्हणजे ऱ्हायझोफोरा मँगल. तुमच्याकडच्या कांदळापेक्षा, म्हणजे ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटापेक्षा, शेंग बरीच लहान, वीतभर. टाकीसाठी ती सोयीची पडते, म्हणून अमेरिकेतले सगळे व्हिडिओ तिचेच असतात. भारतात बसून ते बघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की म्युक्रोनाटाची शेंग हातभर लांब असू शकते. पानं सुरू होतात तीच पाण्यापासून दीड-दोन फुटांवर! व्हिडिओतलं लाईटचं अंतर तसंच्या तसं उचललं तर पान लाईटला टेकेल. टँकवेडा यांचं कपाट म्हणूनच कधी पुरणार नव्हतं.

आणि कोणी हौसेने मँगल मागवू नका. हवाईत कांदळ मुळात नव्हताच. १९०२ मध्ये मोलोकाई बेटावर चिखल धरून ठेवायला तो इथून नेऊन लावला, आज तिथले लोक तो उपटत बसलेत. शेंग महिनोन् महिने तरंगते, तिला पासपोर्ट लागत नाही.

हिवाळ्यात एसी-हीटरने हवा कोरडी होते तेव्हा पानांवर आरओच्या पाण्याचा फवारा रोज. मुंबईला पावसाळ्यात गरज नसेल, एसीच्या खोलीत असेल.

---

टँकवेडा_ठाणे · ७ जुलै

सगळ्यांचे आभार. शेंगा दाबून बघितल्या : दोन टणक, तिसरी खालून मऊ. काढून टाकली.

आता दोन पर्याय दिसतात. (१) वरच्या टाकीच्या मागच्या बाजूला लटकणाऱ्या डब्यात रोपं ठेवून वरून फ्लड लाईट. (२) बाल्कनीत स्वतंत्र टब. बाल्कनी दक्षिणेला आहे. पर्याय १ ला माझी भीती अशी की एवढा पांढरा लाईट टाकीवर पडला तर शेवाळ माजेल. शिवाय संपचा लाईट रात्री चालवला तर पीएच स्थिर राहतो म्हणतात, ते वर आणल्यावर जमणार नाही.

---

मीठभाकर · ७ जुलै

पीएचचं डोक्यातून काढा. रात्री लाईट लावायची युक्ती पाण्याखालच्या शेवाळासाठी आहे, केटोमॉर्फा वगैरे. ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं म्हणून पीएच सावरतो. कांदळाची पानं हवेत. तो तुमच्या हॉलमधला कार्बन डायऑक्साइड घेणार, टाकीतला नाही. दिवसा लावा आणि रात्री झोपा.

तसंच नायट्रेटचं. कांदळ लावला की पाणी आपोआप शुद्ध, स्किमर विकून टाका, असं सांगणारे भेटतात. झाड जेवढं वाढतं तेवढंच ओढतं, आणि हे झाड सावकाश वाढतं. मूठभर केटोमॉर्फा महिन्याभरात जेवढं काम करेल तेवढं तीन रोपं वर्षात करणार नाहीत. गळलेलं पान पाण्यात कुजू दिलंत तर घेतलेलं परत. कांदळ ठेवायचा तो दिसतो छान म्हणून. पुरेसं कारण आहे ते.

---

वायरमन_डोंबिवली · ७ जुलै

शेवाळासाठी : फ्लड लाईटऐवजी अरुंद झोताचा स्पॉट घ्या, ३० अंशांचा, १५ वॅट. लाईट सरळ वरून न मारता टाकीच्या मागून भिंतीच्या दिशेने तिरका ठेवा, म्हणजे पानांतून सुटलेला उजेड भिंतीवर पडेल, पाण्यावर नाही. डब्याच्या तोंडावर काळी ॲक्रिलिकची पट्टी टाका, दांड्यापुरती भोकं ठेवून. मुळांना उजेडाचं काही काम नसतं.

लाईट उंची बदलता येईल अशा दांड्यावर बसवा. झाड वाढून लाईटच्या वर निघून गेलं आणि खालून उजेड खातंय, असले फोटो मी पुष्कळ पाहिलेत.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा : खाऱ्या पाण्याजवळ वीज. ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी ती बसवा, मग बाकी सगळं. वायरीला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. मीठ उडून होल्डरवर पांढरा थर बसतो, तो महिन्यातून एकदा मेन बंद करून ओल्या फडक्याने पुसा.

---

सुमेधा_वनस्पती · ८ जुलै

एक सावधगिरी. सध्याची पानं मिणमिणत्या उजेडात बनलेली आहेत. त्यांना एकदम दहा हजार लक्सखाली नेलंत तर ती पांढुरकी पडून करपतील. दोन-तीन आठवडे घ्या : आधी लाईट लांब, दिवसाला ५-६ तास, मग हळूहळू जवळ आणि जास्त वेळ. जुनी पानं तरी गळतील. काळजी करू नका, नवीन पान कसं येतं ते बघा.

दक्षिणेच्या बाल्कनीबद्दल : थंडीत तिथे दिवसभर ऊन आत येईल, उत्तम. पण साधारण मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य मुंबई-ठाण्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि वर ढग. तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन फारसं येत नाही. पावसाळ्यात बाल्कनीतही लाईट लागेल.

---

पणजीकार · ८ जुलै

तिवर का लावत नाही कोणी? गोव्यात मांडवीच्या काठाने दोन्ही भरपूर दिसतात. तिवर मीठ पानातून बाहेर टाकतो, बघायला मजा येते. सकाळी पानावर बारीक थेंब असतात, ऊन चढलं की त्यांचे चौकोनी खडे होतात. बोट फिरवून जिभेला लावा, खारट.

---

सुमेधा_वनस्पती · ८ जुलै

लावतात, पण घरात कांदळ सोपा. कांदळ बरंचसं मीठ मुळांशीच अडवतो, त्याच्या पानावर पांढरं दिसलं तर ते बहुतेक उडालेल्या तुषारांचं असतं. तिवराला फवारा जास्त लागतो, चिखल लागतो, ऊनही भरपूर लागतं, आणि त्याच्या बीजाजवळ कांदळाएवढी शिदोरी नसते. लावलात तर बाल्कनीत लावा. त्याची श्वासमुळं चिखलातून वर डोकावतात ती बघायला पसरट टब हवा.

---

टँकवेडा_ठाणे · २४ ऑगस्ट

अपडेट. एक रोप टाकीमागच्या डब्यात, १५ वॅटच्या स्पॉटखाली, पानाशी ११,००० लक्स. दुसरं बाल्कनीत टबमध्ये.

डब्यातल्याची दोन्ही जुनी पानं गळली, ताईंनी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. टोकाची कळी टोकदार, लालसर हिरवी, आठवडाभर तशीच मिटून होती. काल उकलली. आतली जोडी आधीच्या पानांच्या तिप्पट, जाड आणि चकचकीत, मागच्या बाजूला बारीक काळे ठिपके. पेरं आखूड. स्किमर रात्री बंद ठेवतोय, नायट्रेट ५ वर आलंय. मॅग्नेशियम मोजलं : १३२०. बाटलीचे पैसे वाचले.

बाल्कनीतलं अजून जागचं हललेलं नाही. ढगच ढग. तिथे पट्टी लावली आहे.

दोन प्रश्न. झाड डेरेदार व्हावं म्हणून कधी छाटायचं? आणि टबात डासांच्या अळ्या दिसतायत. खाऱ्या पाण्यात पण होतात?

---

टँपाकर · २४ ऑगस्ट

काळे ठिपके नॉर्मल आहेत, ऱ्हायझोफोराच्या पानाखाली असतातच.

छाटणीची घाई नको. किमान पाच-सहा जोड्या होऊ द्या. मग फक्त शेंडा खुडायचा, खाली निरोगी पानं ठेवून. सगळ्या पानांच्या खाली, नुसत्या लाकडात कधीच कापू नका. तिवर असा कापला तर पुन्हा फुटतो, कांदळ फुटत नाही, मरतो.

---

भाट्येकर · २५ ऑगस्ट

डास होतात की! खाऱ्यात-मचुळात घालणाऱ्या जाती आहेत, आमच्या खाजणात येऊन बघा. टबात मॉली सोडा चार. गोड्या पाण्यातल्या दुकानात मिळतात त्याच, काळ्या. थेट टाकू नका, टबाचं पाणी त्यांच्या पिशवीत थोडं थोडं घालत दोन-तीन तास सवय करा, खारटपणा जास्त असेल तर दोन-तीन दिवस. पूर्ण समुद्राच्या पाण्यातही राहतात. पाऊस टबात पडू देऊ नका, नाहीतर खारटपणा रोज बदलेल. आणि उन्हाने पाणी आटलं की आरओचं गोडं पाणी घाला, खारं नाही. मीठ उडून जात नाही, पाणीच जातं.

---

टँकवेडा_ठाणे · २५ ऑगस्ट

मॉली आजच आणतो. बायकोने विचारलं, 'झाडासाठी मासे, की माशांसाठी झाड?' तिला हा धागा वाचायला दिलाय.